अमुकरावांचे उखाणे

हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की मला अजूनही राग येतो. बोलावणारी बिचारी हसून म्हणते, "नक्की या हं," आणि माझं डोकं तापायला लागतं. नवरा म्हणतो, मग जाऊ नकोस ना. मी जाते. जाते, सगळ्यांच्या पुढे बसते आणि उखाण्याची वेळ आली की यमक-बिमक न लावता सरळ नाव घेऊन मोकळी होते. बायका एकमेकींकडे बघतात. दिल्लीत वाढलीय, मराठी कच्चं आहे, असं हळूच सांगतात. मराठी माझं कच्चं आहेच. पण कारण ते नाही.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. आई साताऱ्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि त्या बी.ए.चा दिल्लीत तिला उपयोग झाला तो माझा अभ्यास घेताना आणि बाबांशी खेळताना. सकाळचा चहा बाबा करायचे. आमच्या ओळीतल्या दुसऱ्या कुठल्याही घरात पुरुष चहा करत नव्हता, त्यामुळे ते खिडकी लोटून घ्यायचे. आई डब्याच्या पोळ्या लाटत असायची आणि बाबा चहा गाळता गाळता एकेक शब्द तिच्याकडे टाकायचे.

"सन," ते म्हणायचे.

"सूर्य आणि मुलगा."

"मीट."

"भेटणं आणि मटण."

"डिअर."

"हरीण, लाडका आणि महाग," आई म्हणायची, आणि तिसरा अर्थ सापडल्याच्या आनंदात लाटणं पोळपाटावर आपटायची. मी त्या लाटण्याला बेलन म्हणायचे आणि त्यावरून दोघंही मला चिडवायचे.

हा खेळ मुळात मराठी माणसाचाच आहे, असं बाबांचं ठाम मत होतं. आपण नागरीत लिहिलं की दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसतात. इंग्रजांना बिचाऱ्यांना दर वेळी स्पेलिंग आडवं येतं. हे मत त्यांनी ऑफिसात कुणाला ऐकवलं असेल असं वाटत नाही. ऑफिसात ते फार गप्प असायचे. घरात मात्र पेपरसुद्धा मोठ्यानं वाचायचे, आणि आई हातातलं काम न थांबवता ऐकायची.

आईनं बाबांना कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्याशी बोलताना "अहो", माझ्याशी बोलताना "तुझे बाबा" आणि शेजारणींशी बोलताना "हे". रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी सांगायचे. माझ्या मैत्रिणींच्या पंजाबी आया नवऱ्याला नावानं हाका मारायच्या तेव्हा आई खाली मान घालून हसायची. तिला बाबांचं नाव तोंडानं घ्यायची परवानगी एकाच जागी होती, ती म्हणजे उखाण्यात. म्हणून ती उखाण्यांवर इतका जीव टाकायची, हे मला फार उशिरा समजलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आसपासच्या क्वार्टरांतल्या मराठी बायका जमायच्या. चांदीच्या ताटात रुपया आणि हिमालयावरचा बर्फ, असले घासून गुळगुळीत झालेले उखाणे सगळ्याजणी घ्यायच्या. आईचे वेगळे असायचे. सकाळच्या खेळातले शब्द ती उचलायची आणि पुढे घरातलं काहीतरी जोडून द्यायची. बाबांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. बायकांना उखाणा शिकवताना आई त्या जागी जे घालायची तेच घालते.

"हरणालाही डिअर म्हणतात, महागालाही डिअर,
अमुकरावांच्या स्कूटरला कायम तिसरा गिअर."

बायका हसून लोळायच्या, कारण बाबांची स्कूटर सगळ्यांनी पाहिलेली होती. मग "मला पण एक करून द्या ना" अशी मागणी सुरू व्हायची. आई कुणालाही नाही म्हणायची नाही. उखाणा जुळवताना मात्र ती आधी बाबांचंच नाव घालून पुटपुटायची. शिवलेलं झबलं आधी आपल्या घरच्या बाळाला घालून बघावं तसं. तिचं म्हणणं, खरं नाव घातल्याशिवाय ठेका कळत नाही. ठेका बसला की ते नाव काढून तिथे अमुकराव घालायची आणि उखाणा देऊन टाकायची. चहाचा उखाणाही तिनं असाच केला होता, बाबा समोर चहा गाळत असताना, आणि नाव घेताना पदराआड हसली होती. बाबांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

पुढे सगळ्या दिल्लीला घाई झाली. बाबांच्या ऑफिसातली माणसं फायली बाजूला सारून शेअर आणि प्लॉट यांवर बोलायला लागली. ज्याची बदली व्हायची तो नोकरी सोडून कंपनीत जाऊ लागला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावंच लागणार होतं, म्हणून बाबांनी गुडगावच्या एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. आम्ही राहायला गेलो तेव्हा एका बाजूला काचेचे टॉवर होते आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. दुकान नाही, बस नाही, पाणी टँकरचं आणि लिफ्ट जनरेटरच्या मर्जीवर. शेतात नीलगाय आली की बाबा बाल्कनीतून आईला हाक मारायचे, "लवकर ये, डिअर आलं." ती नीलगाय आहे, हरीण नव्हे, असं मी म्हटलं तर म्हणाले, तुला विनोद कळत नाही, तू नोकरी कर.

नोकरी मी करतच होते. रोज गुडगावहून कॅनॉट प्लेसला जायचं आणि परत यायचं, त्यात जीव जायचा. अशीच एका संध्याकाळी परत आले तर दाराबाहेर शेजारपाजारची माणसं उभी होती. बाबा गेले होते. छातीत दुखतंय म्हणाले, ॲम्ब्युलन्सला सोसायटीचं गेट सापडेना, कारण रस्त्याला तेव्हा नावच नव्हतं. या गोष्टीचा रागही मला आहेच, पण तो वेगळा.

त्यानंतर आमच्या घरातून बाबांचं नाव संपलं. मी "बाबा" म्हणायचे, नातेवाईक "दादा" म्हणायचे, आणि आई काहीच म्हणायची नाही. "अहो" म्हणायला समोर माणूस नाही. उखाणा घ्यायला हळदीकुंकू नाही, कारण आता तिला कोण बोलावणार? बँकेत साहेबानं विचारलं, "हस्बंड का नाम?" तर तिनं सवयीनं मला कोपरानं ढोसलं. मी नाव सांगितलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता मला ते कुठे घेताच येणार नाही गं." एवढंच. मी तिला उठवलं, ऑटो केली, घरी आणलं.

सोसायटीत तोवर बरीच मराठी कुटुंबं आली होती. पुण्यामुंबईची तरुण जोडपी, नवरे कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर, दाराशी ड्रायव्हर. त्यांतली एक आमच्याच टॉवरमध्ये, सर्वांत वरच्या मजल्यावर राहायची. ती स्वतः मॅनेजमेंट शिकलेली, बोलायला अतिशय गोड, आणि सोसायटीतल्या मराठी बायकांची आपोआप पुढारी झालेली. तिला मी वरची म्हणते. संक्रांतीच्या थोडं आधी ती दोघीतिघींना घेऊन आमच्याकडे आली. सरोजिनी नगरच्या कुणाची तरी सून तिच्या ओळखीची निघाली होती.

"काकू, तुम्ही ते इंग्लिशवाले उखाणे करता ना? सेम साउंडवाले? इतके क्यूट असतात म्हणे! या वेळी आम्ही कॉम्पिटिशनच ठेवलीय. प्लीज ना, सगळ्यांसाठी करून द्या."

आईचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तिनं त्यांना बसवून घेतलं, चिवडा दिला, कुणाचा नवरा काय करतो ते विचारलं. मग रोज दुपारी कुणी ना कुणी येऊन बसायला लागली. जुने उखाणे आईनं वाटून टाकले आणि काही नवेही केले. "पिठालाही फ्लॉवर म्हणतात, फुलालाही फ्लॉवर, अमुकरावांचं ऑफिस म्हणजे उंच काचेचा टॉवर," हा त्यांतलाच. मी रविवारी घरी असताना कान देऊन ऐकलं. नवे करताना ती बाबांचं नाव घालून बघत नव्हती. पहिल्यापासूनच अमुकराव म्हणत होती. ते उखाणे वाईट नव्हते, पण त्यांत घरातलं काही नव्हतं.

संक्रांतीच्या आधी वरची बोलावणं करत फिरली. प्रत्येक मराठी घरी छापलेलं कार्ड आणि चिमूटभर तिळगूळ. आमच्या दारात ती आली तेव्हा तिच्या हातात कार्डं होती, पण एकही आमच्यासाठी पुढे केलं नाही.

"काकू, तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला कसलं बोलावणं! तुम्ही जरा आधीच या. वडीचा पाक तुमच्याशिवाय कुणाला जमणार? आणि मग आत किचनमध्येच आरामात बसा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आम्ही काही मानत नाही हं काकू. बिलकुल नाही. पण सासूबाई येतायत पुण्याहून, त्यांना आपलं उगाच..."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मानत नाही तर कार्ड द्या ना मग," मी म्हटलं. "उखाणे चालतात, हातच्या वड्या चालतात, फक्त बाई चालत नाही का?"

ती माझ्याकडे न बघता आईकडे बघून हसली. "किती चिडते ही, काकू. बिलकुल दिल्लीवाली झालीय." आईनं माझा दंड घट्ट धरला आणि तिला म्हणाली, "येईन मी. पाकाची काळजी करू नकोस."

दार लागल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही. तुझ्याकडून ओरबाडून नेतात आणि तुलाच ओट्यापाशी बसवतात. आई डबे आवरत राहिली. शेवटी म्हणाली, "मला ते ऐकायचेत. माझे आहेत ना ते. कुणाच्या तोंडून का होईना." यावर मी आणखीच चिडले, पण तिच्यासोबत जायचं ठरवलं. अविवाहित मुलीला जायला कुणाची हरकत नव्हती. माझं कुंकू चालत होतं, तिचं नाही, ही अक्कल कुणी लढवली होती देव जाणे.

वरचीचा फ्लॅट म्हणजे आमच्यासारखे दोन एकत्र केलेले. नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर होतं, म्हणजे हॉल आणि ओटा यांच्यामध्ये भिंतच नाही, नुसता कमरेएवढा काळा दगडी कट्टा. आईला त्या कट्ट्याच्या पलीकडे स्टूल दिलं होतं. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकीला ती दिसत होती आणि तिला सगळ्या दिसत होत्या. तरी ती आत होती आणि त्या बाहेर होत्या. कट्ट्यापर्यंत हळदीकुंकवाची कोयरी यायची आणि तिथून मागे फिरायची. कोयरी फिरवणाऱ्या मुलीला मी बघत होते. ती दर वेळी आईच्या नजरेला नजर न देता वळायची.

"सासूबाई दिसत नाहीत?" मी वरचीला विचारलं.

"अगं, त्यांचं तिकीट कन्फर्मच झालं नाही ना," ती म्हणाली आणि कुणाला तरी हात करत पुढे गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे जिच्या नावावर हे सगळं चाललं होतं ती बाई पुण्यात आपल्या घरी होती. मानणारं कुणी हजरच नव्हतं. सगळ्या न मानणाऱ्याच जमल्या होत्या, आणि तरी माझी आई स्टुलावर होती. मी आईला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, "थांब. सुरू होतायत."

उखाणे सुरू झाले. भरजरी काळ्या साड्या नेसलेल्या बायका एकेक करून उभ्या राहू लागल्या. जिचा नवरा कंपनीच्या गाडीतून फिरायचा तिनं त्याच्या स्कूटरचा तिसरा गिअर सांगितला. दुसरी उठली:

"समुद्रालाही सी म्हणतात, पाहण्यालाही सी,
अमुकराव पेपर वाचतात मोठ्यानं, ऐकत बसते मी."

टाळ्या पडल्या. हिचा नवरा महिन्यातले निम्मे दिवस सिंगापूरला असायचा, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बाबांनाच ऐकतेय. ती स्कूटर बाबांची. तो पेपर बाबांचा. तो आवाज, ती खिडकी लोटून घेण्याची सवय, सगळं आईनं यांना फुकट वाटलं होतं, आणि या त्यावर आपापल्या नवऱ्याचं नाव डकवून टाळ्या घेत होत्या. मला उठून एकेकीच्या हातातलं वाण हिसकावून घ्यावंसं वाटलं. प्लॅस्टिकचे डबे होते, गुलाबी. आईकडे पाहिलं तर ती मात्र ओठ हलवत प्रत्येकीबरोबर म्हणत होती. नावाची जागा आली की तिचे ओठ थांबायचे, आणि नाव संपलं की पुन्हा हलायचे.

शेवटी यजमानीण म्हणून वरची उभी राहिली. पदर सावरला, घसा साफ केला.

"आठवड्याला वीक म्हणतात, अशक्तालाही वीक..."

आणि अडली. पुढचं, चहाचं, आठवेना. आठवणार तरी कसं? त्या घरात चहा स्वयंपाकाचा महाराज करायचा आणि साहेब कॉफी प्यायचे. ती हसली, कपाळावर हात मारला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि पुन्हा तिथेच अडली. सगळ्या हसायला लागल्या. तिनं कट्ट्याकडे वळून म्हटलं, "काकू, सांगा ना हो पुढचं!"

आईनं तोंड उघडलं आणि एका दमात सांगितलं. खणखणीत आवाजात, वर्गात कविता म्हणावी तसं. अमुकरावांच्या हातचा चहा मात्र एकदम ठीक. फक्त ती अमुकराव म्हणाली नाही. ती बाबांचं नाव म्हणाली. पूर्ण नाव, पुढे राव लावून.

चूक झाली हे आईलाही कळलं. तो उखाणा तिनं सरोजिनी नगरच्या ओट्यापाशी त्याच नावावर बेतला होता, तो तोंडातून तसाच आला. तिचा हात तोंडाकडे गेला. ती माफी मागणार होती, मी तिला ओळखते, शब्द तिच्या ओठांवर आला होता.

तेवढ्यात वरची फिसकन हसली. "अहो काकू, हे काय! माझ्या मिस्टरांचं नाव घ्यायचंय." आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघीतिघी हसल्या.

मी उठलेच होते. पण आईनं तोंडाकडे नेलेला हात खाली आणला. ती स्टुलावरून उठली, कट्ट्याला वळसा घालून हॉलमध्ये आली, आणि तो अख्खा उखाणा पुन्हा पहिल्यापासून घेतला. आठवड्याचा वीक, अशक्ताचा वीक, मग बाबांचं नाव, मग चहा. सावकाश, एकही अक्षर न गिळता. या वेळी कुणी हसलं नाही.

"तुझ्या मिस्टरांचं तू घे," ती वरचीला म्हणाली. "मी माझ्या ह्यांचं घेतलं."

मग तिनं मला खूण केली आणि आम्ही निघालो. लिफ्ट बंद होती. जिना उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला होता, आणि मजल्यामजल्यावर थांबून, दम खात, बाबांना नावानं हाक मारावी तसं ती ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती.